मान्यता : र. म्हात्रे

पडद्यावरची चिकटपट्टी मी काढली. कोणी काढायला सांगितली नव्हती. ती कशासाठी लावली आहे हे साऱ्या केंद्रात मला सर्वांत चांगलं ठाऊक होतं, कारण ती माझ्यासाठीच लावलेली होती. तरी काढली. नखाने, एका कोपऱ्यातून, अगदी सुबक. त्यानंतर जे झालं ते पाहता ते नख तेव्हाच तुटलं असतं तर बरं झालं असतं; पण माझी नखं बळकट आहेत. बाकी काही बळकट नसलं तरी.

आमचं केंद्र डायलिसिसचं, नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात. एका धर्मादाय ट्रस्टने चालवलेलं. बारा खुर्च्या, बारा यंत्रं. ज्यांची मूत्रपिंडं बंद पडली आहेत त्यांच्या अंगातलं जादा पाणी आणि घाण आठवड्यातून दोनदा यंत्राने काढून घ्यायची. एक पाळी चुकली की पाणी साठू लागतं, आधी पायात, मग छातीत. आणखी चुकली की माणूस कोरड्या पलंगावर बसल्या बसल्या बुडतो. एवढं वैद्यक मला येतं, तेही म्हात्रे सिस्टरांनी शिकवलं म्हणून. मी स्वतः विम्याच्या कचेरीत आयुष्यभर फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवून निवृत्त झालेला. वसईला एव्हरशाईन सिटीत घर. निवृत्तीनंतर घरी बसून बायकोच्या फोडणीत चुका काढायला लागलो, तेव्हा तिनेच ओळख काढून मला या केंद्राचा व्यवस्थापक करून टाकलं. रुग्णांची सेवा घडावी हा तिचा हेतू नव्हता. फोडणी शांतपणे करता यावी एवढाच होता.

म्हात्रे सिस्टरांची माझी ओळख अंगठ्याने झाली. पहिल्या दिवशी मी नव्या खुर्चीत बसून येईल त्याला नमस्कार करत होतो. एक ठेंगणी, सावळी, पन्नाशी ओलांडलेली बाई आली आणि माझ्यासमोर वाकली. मला वाटलं, पाया पडते आहे. मी मोठेपणाने म्हणालो, ‘‘असू दे, असू दे.’’ तिने माझा पायमोजा खाली सारला, नडगीवर अंगठा रोवला, मनात पाच मोजले, अंगठा उचलला आणि खड्डा पडला का ते पाहिलं.

‘‘सूज नाय. अंग पानी धरत नाय तुमचं,’’ बाई उठत म्हणाल्या. ‘‘मी रंजना म्हात्रे. बसा.’’

हा अंगठा कुणालाच चुकत नसे. खड्डा पडून तसाच राहिला तर अंगात पाणी आहे. पोस्टमन, पाव द्यायला येणारा, रुग्णाला सोडायला आलेला जावई, सगळ्यांच्या नडग्या त्यांनी दाबलेल्या. ट्रस्टचे अध्यक्ष नव्या यंत्रांच्या उद्घाटनाला आले तेव्हा भाषणाला उठण्याआधी सिस्टरांनी त्यांचीही दाबली. खड्डा पडला आणि पडूनच राहिला.

‘‘रक्त तपासून घ्या साहेब.’’

‘‘मी उद्घाटनाला आलोय, तपासणीला नाही,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘पाय तर तेच आनलेत ना?’’

लोक हसले. अध्यक्षही हसले, पण त्यांचं हसू पहिल्या रांगेपुरतंच होतं. ही गोष्ट ते कधी विसरले नाहीत.

सिस्टर गासच्या. माहेर, सासर दोन्ही खाडीकडच्या शेतकरी घरातलं. लिहीत त्या छापल्यासारखं शुद्ध. बोलताना मात्र ‘ण’ त्यांच्या जिभेने कधी घेतला नाही. आणि धंदा नेमका पाण्याचा. दिवसभर बाराही खुर्च्यांवरून तेच ऐकू येई, ‘‘पानी किती प्यालात? वजनाचा काटा खोटं बोलत नाय.’’ एका निवृत्त गुरुजींनी एकदा यंत्राला जोडलेल्या अवस्थेतही त्यांना सुधारलं, ‘‘सिस्टर, पाणी.’’

‘‘गुरुजी, तुम्हाला प्यायचंच नाय. मग ण असो नाय तर न असो, काय फरक?’’

त्यांचा आणखी एक परिपाठ होता, तो मला सुरुवातीला वेडेपणा वाटे. पाळी सुरू झाली की दर अर्ध्या तासाने त्या बाराही यंत्रांवरून फेरी मारत. यंत्रांना भोंगे होते, दिवे होते. काही बिघडलं की ती आरडाओरडा करत. मी म्हटलं, ‘‘सिस्टर, ओरडल्यावर जा की.’’ त्यावर त्यांनी सासऱ्यांची गोष्ट सांगितली. त्यांचं भाताचं शेत खाडीला लागून, मध्ये मातीचा बांध. सासरे रोज भरतीच्या वेळी त्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. बांध फुटलेला नसे. कित्येक वर्षं फुटला नाही. तरी चालत. खेकड्याने पाडलेलं भोक बोटाएवढं असतानाच दिसलं तर पायाने दाबून बुजवता येतं. ओरडा ऐकू येतो तोवर शेत खारं झालेलं असतं. सिस्टरांनी हे शिकवण वगैरे म्हणून सांगितलं नाही. माझ्या पायाशी पडलेली नळी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, आणि मग म्हणाल्या, ‘‘पाय उचला, फेरीच्या वाटेत येतायत.’’

मग संगिनी आली.

संगिनी म्हणजे बाई नव्हे. एका कंपनीने आणलेली, संगणकात बसून आपणहून काम करणारी व्यवस्था. आवाज तेवढा बाईचा. कुणाची पाळी कधी, कोणतं यंत्र बंद, कुणाला कुठे हलवायचं, हे सगळं ती स्वतः ठरवी. रुग्णांना स्वतः फोन करी, मराठीत किंवा हिंदीत, आदबीने. त्यांचं उत्तर ऐकून त्याची एका ओळीत नोंद करी, गाडी पाठवी, औषधं मागवी. माझं जे काम दिवसभर चाले ते ती मी चष्मा शोधेपर्यंत उरकून मोकळी होई. फक्त कुणाची पाळी बदलायची असली तर शेवटी पडद्यावर ‘मंजूर’ हे बटण माणसाने दाबावं लागे. कागदोपत्री त्याचं नाव ‘मानवी मान्यता’.

ती बसवायला कंपनीचा निनाद नावाचा इंजिनिअर आला होता. पुण्याचा, गोड मुलगा. त्याने दाखवलं, प्रत्येक ओळीपुढे ‘मंजूर’ आहे, आणि सगळ्यांत खाली निळं मोठं ‘सर्व मंजूर’ आहे.

‘‘आणि मॅडम, तुम्ही कामात असाल, बघायला जमलं नाही, तरी टेन्शन नाही. पंधरा मिनिटं रिस्पॉन्स आला नाही तर ती अप्रूव्ड धरून पुढे जाते.’’

‘‘म्हंजे मी गप बसले तर हो?’’

‘‘हो. मौन म्हणजे संमती, तसं.’’

‘‘पोरा, आमच्याकडं मौन म्हंजे बाई संडासला गेलीय.’’ सिस्टरांनी हातमोजा काढला. ‘‘मी बोलले नाय तर तिनं थांबायचं. थांबता येतं का तिला?’’

‘‘येतं, सेटिंग आहे. पण मग सगळं अडेल.’’

‘‘अडू दे. अडलं की मी येते.’’

निनादने अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी माझ्याकडे, मी पंख्याकडे. शेवटी सिस्टरांनी सांगितलं, हे बदलल्याशिवाय त्या ताबापत्रावर सही करणार नाहीत, आणि तांत्रिक सही करण्याचा अधिकार तेवढा त्यांनाच होता. बदललं. दुसरी अट त्यांनी अशी घातली की मान्यता एकाच माणसाच्या नावाने जावी. ‘‘दहा जनांची मान्यता म्हंजे कोनाचीच नाय. एकाचं नाव असू दे. माझं टाका.’’ पडद्यावर प्रत्येक बदलाखाली येऊ लागलं, ‘मान्यता : र. म्हात्रे’.

संगिनीला त्या ‘नवी सून’ म्हणत. तिचा राग करत नसत, उलट कौतुक फार. ‘‘कामाला चपळ हाय, उलट बोलत नाय. पन पहिलं वर्ष मीठ सासूनंच चाखायचं.’’ चाखण्याची त्यांची रीतही ठरलेली. संगिनीने कुणाशी काय बोलणं केलं ते साठवलेलं असे. सिस्टर एकेक ओळ उघडत, फोन डाव्या कानाला लावत, डोळे मिटत आणि ते बोलणं पूर्ण ऐकत. मग ‘मंजूर’. मला हे पाहून जांभया येत. मी म्हणे, ‘‘तिने लिहिलंय की खाली, रुग्ण बरा आहे म्हणून.’’

‘‘तिनं शब्द लिहिलेत. मी दम ऐकते.’’

एकदा सिस्टर एका रुग्णाच्या हाताची सुई बसवत होत्या. मला म्हणाल्या, जरा पडद्याकडे बघा, एकेक ओळ उघडून ऐका. अठरा ओळी होत्या. मी नोंदी वाचल्या, भाषा शुद्ध होती, विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी. इतक्या शुद्ध लिहिणाऱ्यावर अविश्वास दाखवणं माझ्या कचेरीतल्या संस्कारात बसत नव्हतं. निळं बटण दाबलं. अठरा पाळ्या एका टिचकीत. वर सिस्टरांना हाक मारून सांगितलं, ‘‘झालं बघा.’’

त्या आल्या, हात पुसले आणि माझ्यामागे उभ्या राहून अठराच्या अठरा ऐकायला लागल्या. अकरावी ओळ डिमेलो आजींची होती. संगिनीची नोंद अशी : ‘रुग्ण बरी असल्याचे सांगते. पाळी उद्यावर नेण्यास हरकत नाही.’ आवाज होता : ‘‘बरी… हाय गो… बाय… बरी हाय.’’

‘‘एवढं बोलायला तीनदा थांबली,’’ सिस्टर म्हणाल्या आणि गाडी पाठवायला गेल्या. आजी आल्या तेव्हा त्यांना आडवं निजवता येत नव्हतं; छातीत पाणी चढलेलं. चार तासांनी यंत्राने ते काढलं तेव्हा आजींनी मला जवळ बोलावून हातात शेंगदाण्याची चिक्की ठेवली, गाडी मीच पाठवली असं त्यांना वाटलं होतं. मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मलमपट्टीची पांढरी चिकटपट्टी कापली आणि पडद्यावर, त्या निळ्या बटणावर लावली.

‘‘ही तुमच्यासाठी, सावंतसाहेब.’’

‘‘माझ्या बोटाला काही झालेलं नाही.’’

‘‘म्हनूनच.’’

पट्टीखालचं बटण दाबता येतच होतं, माऊसला पट्टी काय अडवणार. पण ते दिसत नसे, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा मोह मला कमी होतो. पुढचे काही महिने मी निर्दोष जगलो.

सिस्टर रजा घेत नसत. भाचीच्या लग्नाला घेतली. गुरुवारी हळद, शुक्रवारी लग्न. चार दिवस आधी रीतसर अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. बुधवारी जाताना मला पडद्यासमोर बसवलं, आपला पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. ‘‘माझ्या नावानं दाबायचंय तुम्हाला. एकेक उघडा. पुरतं ऐका. कोनी दम म्हनालं, झोप नाय म्हनालं, उशी उंच घेतली म्हनालं, की मला फोन लावा. हळदीत असले तरी.’’ मी म्हणालो, ‘‘अहो, जा तुम्ही निश्चिंत.’’ त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

गुरुवारी सकाळी यंत्रांना शुद्ध पाणी पुरवणारी टाकी बिघडली. सकाळची पाळी रद्द. संगिनीने कुणी काही म्हणायच्या आत सगळा दिवस नव्याने मांडला, बावीस जणांना फोन केले आणि बावीस ओळी माझ्यासमोर ठेवून थांबली. थांबणारच, थांबायला सिस्टरांनीच शिकवलं होतं. इकडे टाकीवाला हाका मारत होता, दारात नातेवाईक भांडत होते, आणि पडद्यावर ती पांढरी पट्टी. मला अपमान वाटला. हे मी नंतर सुचलेलं सांगत नाही, त्या क्षणी खरोखर वाटला. आयुष्यभर सह्या केलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झापडं बांधायची म्हणजे काय. मी पट्टी काढली आणि बटण दाबलं.

बावीसमधली एक ओळ वसंत तांब्यांची होती. तांबे शिंपी, मूळचे साताऱ्याकडचे, आचोळ्यातच दोन गल्ल्या सोडून राहत. अतिशय भिडस्त. सुई टोचतानाही ‘सावकाश करा सिस्टर, घाई नाही’ म्हणणारे. त्यांची पाळी सोमवार आणि गुरुवार. संगिनीची नोंद होती : ‘सकाळची पाळी रद्द झाल्याचे कळवले. सायंकाळी पाचची वेळ देऊ केली. रुग्णाने येतो असे सांगितले.’

पाच वाजता तांबे आले नाहीत. चार नंबरची खुर्ची रिकामी राहिली. मी ती पाहिली. दिवसभर उभा राहून पाय दुखले होते, म्हणून मी तिच्यावर जाऊन बसलो आणि चहा प्यायलो. फार आरामशीर खुर्ची असते ती. मला वाटलं, गेले असतील गावाला. साडेपाचला संगिनीने नवी ओळ पाठवली : ‘रुग्ण गैरहजर. पुढील वेळ सोमवार.’ मी कप खाली ठेवून तीही मंजूर केली.

शुक्रवारी तांब्यांच्या फोनवर संगिनीचा निरोप गेला, आपण गैरहजर राहिलात, सोमवारी यावे. त्यांनी तो वाचला, बायकोला सांगितलं, लोकांची काहीतरी अडचण असेल, कशाला त्रास द्यायचा. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. नंतर.

शनिवारी सात वाजता सिस्टर कामावर आल्या. मी तेव्हा घरी पोहे खात होतो. पुढचं केंद्रातल्या झाडणाऱ्या मावशींनी सांगितलेलं. हात मनगटापर्यंत पिवळे, पिशवीत सगळ्यांसाठी लग्नाचे लाडू. लाडू टेबलावर ठेवून त्या आधी पडद्याकडे गेल्या, दोन दिवसांच्या ओळी खालून वर पाहिल्या. तांब्यांपाशी थांबल्या. फोन कानाला लावला, डोळे मिटले. मग पिशवी तिथेच टाकून स्कूटर काढली. तांब्यांच्या इमारतीखाली रिक्षा उभी होती. पहाटे त्यांना मांडी घालून बसवेना, निजवेना. बायको आणि शेजारी त्यांना घेऊन इस्पितळात निघाले होते, आणि जिन्यातच ते संपले म्हणून परत वर नेत होते. सिस्टरांनी जिन्यात वाकून त्यांच्या नडगीवर अंगठा ठेवला, असं त्यांची बायको म्हणाली. उठवला तेव्हा खड्डा राहिला होता. त्यात हळद लागली होती.

मी नऊला पोहोचलो, दोन लाडू खाल्ले, आणि मग मला कळलं.

चौकशी आठवड्याने झाली. अध्यक्ष, निनाद, सिस्टर आणि मी. अध्यक्षांच्या हातात छापील कागद होता. त्यांनी वाचून दाखवलं, ‘‘गुरुवार, पाळीत बदल. मान्यता : र. म्हात्रे. संभाषण ऐकण्याचा कालावधी, शून्य सेकंद.’’ कागद खाली ठेवला. ‘‘शून्य, सिस्टर. तुम्हीच हट्ट धरला होता ना, ऐकल्याशिवाय नाही म्हणून?’’

सिस्टर म्हणाल्या, ‘‘आधी ऐकवा ते.’’

निनादने लावलं. संगिनीचा गोड आवाज, पाचची वेळ आहे, आपण येऊ शकाल का. मग तांबे : ‘‘आज राहू द्या हो. तुमची एवढी गडबड… जरा दम वाटतोय, पण निभेल. उद्यापरवा बघू. बरं, येतो.’’ आणि फोन ठेवल्याचा आवाज.

निनाद हळूच म्हणाला, ‘‘पण ते येतो म्हणाले ना?’’

‘‘पोरा, तुझ्या घरातनं पाव्हना उठला की काय म्हनतो?’’

आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत. जातो म्हणणं अशुभ. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना माणूस ‘येतो’ म्हणतो, फोन ठेवताना ‘येतो’ म्हणतो, कायमचा निघाला असला तरी ‘येतो’च म्हणतो. तांब्यांनी निरोप घेतला होता. संगिनीने तो होकार म्हणून लिहून घेतला होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरज पडू नये म्हणून तर मध्ये माणूस बसवला होता. ते वाक्य एखाद्या पोराने ऐकलं असतं तरी त्याला कळलं असतं. दम वाटतोय हे तर दगडालाही.

‘‘ते सगळं ठीक,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘पण मान्यता कुणाची आहे?’’

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. वजन वाढलेल्या रुग्णाला काट्यावरून उतरवून त्या जशा पाहत तसं, पाणी किती प्यालो ते हा स्वतः सांगतो का, याची वाट बघत. माझ्यासमोर पाण्याचा पेला होता. मी तो उचलला आणि सावकाश प्यायलो. संपल्यावरही थोडा वेळ रिकामाच पीत राहिलो. मग म्हणालो, ‘‘सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या.’’ एवढंच. पुढचं वाक्य मी जिभेवर आणलं होतं. ते अजून तिथेच आहे.

‘‘रजेवर होतात तर तुमच्या नावाने बटण कोणी दाबलं?’’

‘‘पासवर्ड मी दिला,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘कोनाला दिला ते महत्त्वाचं नाय. मी दिला.’’

अध्यक्षांना नाव हवं होतं, ते कागदावर छापलेलं होतं. सिस्टरांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका सांगण्यात आलं. आणि निर्णय झाला तो असा : माणूस जर शून्य सेकंद ऐकत असेल तर मध्ये माणूस ठेवण्यात अर्थ नाही. त्याने नुसता उशीर होतो. संगिनीला सर्व बदल आपणहून करू द्यावेत. निनाद जाताना जिन्यात मला म्हणाला, ‘‘सर, मी रिपोर्टमध्ये उलटं लिहिलं होतं. पूर्ण ऐकल्याशिवाय बटण दाबलंच जाऊ नये असं करून देतो म्हणालो होतो. आठवड्याचं काम होतं.’’ मी म्हणालो, ‘‘बघू.’’ तो खरंच थांबला, मी काही बघीन असं वाटून. मग निघून गेला.

माझी नोकरी राहिली. हुद्दा वाढून ‘समन्वयक’ झालो. पडद्यावर आता मंजूर करायला काही नसतं, त्यामुळे माझ्या हातून चूकही होत नाही. बाराही खुर्च्या चालतात. दर अर्ध्या तासाची फेरी बंद झाली. यंत्रांना भोंगे आहेत. काहीजण मधूनच यायचे थांबतात. त्यांच्या ओळीपुढे ‘रुग्ण गैरहजर’ येतं, मग ‘पुढील वेळ’ येते, मग कधीतरी ओळच येत नाही. ओळ का गेली हे विचारण्याची सोय त्या पडद्यात नाही, आणि मला विचारायची तर हिंमत नाही.

पाच महिन्यांनी मी पत्र लिहिलं. पट्टी मी काढली, बटण मी दाबलं, पाचला रिकामी खुर्ची पाहूनही मी उठलो नाही, म्हात्रे सिस्टरांचा दोष नाही. तीन वेळा खाडाखोड करून चांगल्या अक्षरात. अध्यक्षांनी ते वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. ‘‘सावंत, विषय संपलाय. मेलेलं कशाला उकरताय?’’ त्यांच्या पायात आता सैल चपला होत्या. बूट चढत नसावेत.

पत्र दिल्याच्या चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी मी गासला गेलो. घर शोधावं लागलं नाही. पहिल्याच माणसाने विचारलं, ‘‘डायलिसिसवाल्या बाई ना?’’ सिस्टर पडवीत बसल्या होत्या. पुढ्यात शाळेची वही, डाव्या कानाला फोन, डोळे मिटलेले. मला वाटलं, नातेवाइकाशी बोलतायत. ‘‘रात्री उशा किती घेता? दोन? गेल्या आठवड्यात एक होती ना? सुनेला द्या फोन.’’ मग सुनेला म्हणाल्या, उद्याच्या सोमवारची वाट बघू नका, आत्ता घेऊन निघा. फोन ठेवला. वहीत त्या नावापुढे खूण केली, खालचं नाव पाहिलं, फोन लावला. कुणी नेमलेलं नव्हतं, कुणाची मान्यता नव्हती. केंद्रातले जुने रुग्ण, रोज सकाळी, एकामागून एक. वहीतली काही नावं आडवी रेघ मारून खोडली होती. मी ती मोजली नाहीत.

मी पायरीवर उभाच होतो. बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. तिसरा फोन संपल्यावर मी घाईने सगळं सांगून टाकलं. पत्राचं. त्यात काय काय लिहिलं ते. माझा आवाज जरा कापला, आणि तो कापतोय हे मला बरं वाटलं, हेही इथे लिहून टाकतो.

‘‘कधी दिलंत?’’

‘‘झाले चार दिवस.’’

‘‘आनि तांब्यांना जाऊन?’’

‘‘पाच महिने.’’

त्यांनी मान हलवली. फोनवर पुढचा आकडा दाबू लागल्या. मी म्हणालो, ‘‘सिस्टर, तुम्ही त्या दिवशी असता तर असं झालं नसतं.’’ कौतुक म्हणून म्हणालो होतो. मी आयुष्यात जी वाक्यं बोललो त्यांत याच्याइतकं मूर्ख दुसरं शोधावं लागेल.

त्यांनी बोट थांबवलं. त्या सकाळी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच ‘साहेब’ गाळलं.

‘‘मी निदान अर्ज टाकून रजेवर गेलते, सावंत. तुम्ही न टाकताच.’’